शांत गाव, अस्वस्थ वाचक

प्रतिनिधी

छोटे टुमदार गाव, पाच वर्षांपूर्वी बेपत्ता झालेली मुलगी, सर्वांनी मान्य केलेला गुन्हेगार आणि नको ते प्रश्न विचारणारी एक शाळकरी विद्यार्थिनी... कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या रहस्यकादंबरीचा हा साचा आज जगभर लोकप्रिय आहे. हॉली जॅक्सन यांच्या ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ या कादंबरीच्या आधारे या साहित्यप्रकाराचा घेतलेला हा परिचय.

रहस्यकथा म्हटली की वाचकाच्या डोळ्यांसमोर महानगर उभे राहते. धुक्यात बुडालेले लंडन, अंधाऱ्या गल्ल्या, फरशीवर वाजणाऱ्या टापा. परंतु शेरलॉक होम्सच्या निर्मात्याने १८९२ मध्येच ‘द कॉपर बीचेस’ या कथेत वेगळा विचार मांडून ठेवला होता. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी शेतांमधली घरे पाहून डॉक्टर वॉटसन हरखून जातो. होम्सला मात्र त्या घरांचे एकटेपण दिसते. शहरात निदान भिंतीपलीकडे शेजारी असतो, किंकाळी कोणाच्या तरी कानी पडते. विखुरलेल्या घरांतील दुष्कृत्य वर्षानुवर्षे झाकलेले राहू शकते, असे त्याचे म्हणणे. छोट्या गावात घडणाऱ्या रहस्यकथेचे सारे तत्त्वज्ञान या एका संवादात सामावलेले आहे.

परंपरा जुनीच

हा प्रकार नवा नाही. अगाथा ख्रिस्ती यांनी १९३० मध्ये मिस मार्पलची पहिली कादंबरी लिहिली, तेव्हा सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्याला जागतिक कीर्ती मिळाली. विणकाम करीत बसलेल्या या वृद्धेचा सिद्धांत साधा होता : माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच असतो आणि खेड्यात तो अधिक जवळून पाहता येतो. त्याच काळात अमेरिकेत एडवर्ड स्ट्रेटमायर यांच्या प्रकाशनसंस्थेने मुलांसाठी हार्डी बॉईज (१९२७) आणि नॅन्सी ड्रू (१९३०) या मालिका सुरू केल्या. बेपोर्ट आणि रिव्हर हाइट्स ही त्यांतील गावे काल्पनिक असली तरी अनेक पिढ्यांतील वाचकांच्या तोंडी रुळली.

या जुन्या मालिकांत मुले चोर पकडत, दडवलेले मृत्युपत्र शोधून काढत आणि रात्री घरी येऊन निर्धास्त झोपत. गाव मुळात चांगले आहे, बिघाड बाहेरून आला आहे, अशी त्यामागची श्रद्धा होती. साठ आणि सत्तरच्या दशकांत ही श्रद्धा ढळू लागली. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी १९६७ मध्ये आली आणि कुमारवयीनांचे जग बालसाहित्यापेक्षा निराळे असते, ही जाणीव प्रकाशकांमध्ये रुजली. लोइस डंकन यांनी १९७३ मध्ये एका जुन्या अपघाताचे ओझे वाहणाऱ्या मुलामुलींची कथा लिहिली. रॉबर्ट कॉर्मिएर यांनी १९७७ मध्ये ‘आय अ‍ॅम द चीज’मध्ये कोणावरही विश्वास टाकता येणार नाही असे जग उभे केले. ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणजे साधारण १२ ते १८ वर्षे वयोगटासाठीच्या साहित्यात भयाचा आणि संशयाचा शिरकाव झाला तो असा. गुन्हेगार बाहेरचा नसून तो आपल्याच रस्त्यावर राहतो, हा विचार पुढे या प्रकाराचा कणा ठरला.

लिटल किल्टनचे प्रकरण

हॉली जॅक्सन यांची ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ ही पहिलीच कादंबरी २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. लेखिका स्वतः बकिंगहॅमशायर परगण्यात वाढलेल्या, आणि कादंबरीतील लिटल किल्टन हे काल्पनिक गावही त्याच परगण्यात वसवलेले. लंडनच्या वायव्येचा हा परिसर इंग्रजी बालसाहित्याला आणि रहस्यकथेला परका नाही. एनिड ब्लायटन यांचे वास्तव्य इथेच होते. रोआल्ड डाल हे याच परगण्यातील ग्रेट मिसेंडनमध्ये १९५४ पासून १९९० मध्ये निधन होईपर्यंत राहिले. शेजारचे लिटल मिसेंडन ‘मिडसमर मर्डर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणामुळे प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले आहे.

कथेचा गाभा थोडक्यात सांगता येतो. २०१२ च्या एप्रिलमध्ये अँडी बेल ही १७ वर्षांची लोकप्रिय विद्यार्थिनी बेपत्ता होते. काही दिवसांतच तिचा मित्र सल सिंग याचा मृतदेह जंगलात सापडतो. मृत्यूपूर्वी त्याच्या मोबाइलवरून वडिलांना कबुलीचा संदेश गेलेला असतो. त्याने तिला मारले आणि मग स्वतःचे जीवन संपवले, असा निष्कर्ष पोलीस काढतात. अँडीचा मृतदेह मात्र कधीच सापडत नाही. गावाच्या लेखी प्रकरण संपते.

पाच वर्षांनंतर पिप, म्हणजे पिपा फिट्झ-अमोबी ही शेवटच्या वर्षाची हुशार विद्यार्थिनी शाळेच्या प्रकल्पासाठी हाच विषय निवडते. इंग्लंडमध्ये असा स्वतंत्र प्रकल्प करण्याची सोय प्रत्यक्षात आहे. त्याचे गुण ए-लेव्हलच्या एका विषयाच्या निम्मे धरले जातात. दोन्ही कुटुंबांशी संपर्क साधायचा नाही, या अटीवर शाळा विषयाला मान्यता देते. पिप पहिलेच काम करते ते सिंग कुटुंबाचे दार ठोठावण्याचे. सलचा धाकटा भाऊ रवी दार उघडतो आणि तिथून शोधाला प्रारंभ होतो.

पुढे काय घडते हे सांगणे वाचकावर अन्याय करणारे ठरेल. मांडणीविषयी मात्र सांगायला हवे. सरळ निवेदनाच्या जोडीला पिपच्या प्रकल्पाच्या नोंदी, मुलाखतींची शब्दशः प्रतिलेखने, संदेशांचे पुरावे आणि वाढत जाणारी संशयितांची यादी असा मजकूर येतो. वाचकाच्या हाती जणू तपासाची फाइलच दिली जाते. पिपला जे ठाऊक आहे तेवढेच आपल्याला ठाऊक असते, आणि तिची चूक ती आपलीही चूक ठरते. वाचकापासून पुरावा लपवायचा नाही, हा रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या नियमावलीतील आग्रह इथे नव्या रूपात पाळलेला दिसतो.

भीती येते कुठून?

या कादंबरीत भूत नाही, शाप नाही, पछाडलेला वाडा नाही. वाडा नाही असे म्हणतानाही थोडे थांबायला हवे. पहिल्याच प्रकरणात सिंग कुटुंबाच्या घराचे वर्णन येते. गावातील मुलांच्या दृष्टीने ते भुताटकीचे घर आहे. फाटकाला हात लावून पळत येण्याच्या पैजा लागतात. त्या घरात प्रत्यक्षात राहतात ते एक दुःखी आई-वडील आणि त्यांचा उरलेला मुलगा. जिवंत माणसांच्या घराला गावाने भुताचे घर ठरवावे, ही कल्पना कोणत्याही पिशाच्चकथेपेक्षा अधिक अंगावर येते.

भीती निर्माण करण्याची लेखिकेची रीत तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी ओळखीची. संशयितांच्या यादीत येणारी नावे परक्यांची नाहीत. मैत्रिणीची बहीण, ज्यांच्या घरी लहानपणापासून जाणे-येणे आहे अशी माणसे, शाळेत रोज दिसणारे चेहरे. ज्यांच्या टेबलावर बसून पिप चहा पिते, त्यांच्याचविषयी ती रात्री नोंदी लिहिते. दुसरी पायरी अंतराची. पहिली धमकी येते ती मैत्रिणींसोबत रात्रीच्या मुक्कामाला गेली असताना, झोपायच्या पिशवीत ठेवलेल्या कागदाच्या रूपाने. मग शाळेतील कपाट, मग मोबाइल, आणि शेवटी धोका घरातल्या कुत्र्यापर्यंत येऊन पोहोचतो. प्रत्येक वेळी धमकी देणारा एक पाऊल जवळ आलेला असतो. तिसरी पायरी मौनाची. घाबरलेली पिप कोणालाही काही सांगू शकत नाही, कारण ज्याला सांगावे तोच तो असू शकतो.

छोटे गाव या तिन्ही गोष्टींना पोषक असते. महानगरात संशयितांची संख्या लाखांत जाते आणि म्हणूनच भीती पातळ होते. काही हजारांच्या वस्तीत ती घट्ट होते. गुन्हेगार दुकानात भेटणार, शाळेच्या कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवर बसणार, हे गणित वाचकाला पाठ असते. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या ‘ट्विन पीक्स’ या १९९० मधील अमेरिकी मालिकेने हेच गणित दूरचित्रवाणीवर मांडले होते. तिथेही गावाची लाडकी मुलगी मारली जाते आणि तिच्याविषयी गावाला फारच थोडे ठाऊक होते, हे हळूहळू कळत जाते. अँडी बेलच्या बाबतीतही तेच. फोटोतील हसरी मुलगी आणि प्रत्यक्षातील गुंतागुंतीची मुलगी यांमधील अंतर हा कादंबरीचा एक मोठा भाग आहे.

गावाने दिलेला निकाल

कादंबरीतील खरा पणाला लागलेला प्रश्न ‘खून कोणी केला’ एवढाच नाही. खटला न चालवता गावाने निकाल दिला, त्याचे काय, हा तो प्रश्न आहे. सल मरण पावल्यामुळे न्यायालयात काहीच सिद्ध करावे लागले नाही. पुरावे तपासले गेले नाहीत, साक्षीदारांची उलटतपासणी झाली नाही. तरीही पाच वर्षे सिंग कुटुंब शिक्षा भोगते. रवीकडे लोक टाळून पाहतात किंवा रोखून पाहतात. दुकानात गेले तरी कुजबुज होते. सिंग हे भारतीय वंशाचे कुटुंब, गाव प्रामुख्याने गोऱ्यांचे. एकाच मुलाच्या कथित कृत्याचा डाग सगळ्या घराला किती सहज लागला, यात वर्णाचा वाटा किती, हे लेखिका भाषण न देता दाखवते. पिपचे सावत्र वडील नायजेरियन वंशाचे आहेत, त्यामुळे या नजरा तिला अनोळखी नाहीत.

मराठी वाचकाला यासाठी शब्द शोधावा लागत नाही. ‘वाळीत टाकणे’ हा आपल्याकडचा जुना शब्द आहे. या प्रथेविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला आणि २०१७ मध्ये तो लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. लिटल किल्टनमध्ये कोणतीही पंचायत बसत नाही, कोणीही फर्मान काढत नाही. तरी परिणाम तोच होतो. सुशिक्षित, सुखवस्तू गावातील बहिष्कार लेखी नसतो, एवढाच फरक.

वृत्तपत्र व्यवसायातील वाचकाला आणखी एक बाब टोचते. स्थानिक वृत्तपत्राचा बातमीदार या कथेत एक पात्र म्हणून येतो आणि पिप त्याचीही मुलाखत घेते. निष्कर्ष आधी आणि तपास नंतर, या पद्धतीने लिहिलेल्या बातम्यांनी गावाचे मत घडवले, हे तिच्या लक्षात येते. इंग्लंडच्या कायद्यानुसार मृत व्यक्तीची बदनामी होत नाही. नातेवाइकांना त्यासाठी दावा लावता येत नाही. त्यामुळे मेलेल्या संशयिताविषयी काहीही छापणे सोपे असते. भारतीय कायद्याची भूमिका इथे वेगळी आहे. पूर्वीच्या दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीवर केलेला आरोप बदनामी ठरू शकतो, असे स्पष्टीकरण दिलेले आहे. कायद्यात तरतूद असणे आणि व्यवहारात संयम असणे या दोन गोष्टी निराळ्या, हे आपल्या वाहिन्यांवरील चर्चा पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडचे गाव

मराठीत कुमारांसाठी रहस्यकथा नाहीत असे नाही. भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा मुलगा. पुण्यात विद्याभवनात शिकणारा, सायकलवर भन्नाट सुटणारा आणि ‘ट्टॉक्’ करणारा बन्या आजही वाचला जातो. २०१७ मध्ये त्याच्यावर चित्रपटही निघाला. परंतु फेणेच्या जगात संकट बाहेरून येते आणि मोठी माणसे शेवटी विश्वासार्ह असतात. त्या दृष्टीने तो हार्डी बॉईज आणि ब्लायटन यांच्या कुळातला.

दुसरीकडे, मराठीतील अंगावर काटा आणणारे गाव आपल्याला नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या कथांत भेटते. तिथले भय बहुधा अतींद्रिय असते किंवा मनाच्या तळातून वर येते, आणि ते प्रौढ वाचकासाठी लिहिलेले असते. ‘रात्रीस खेळ चाले’ ही २०१६ ची मालिका कोकणातील एका वाड्यात घडत होती. तिने घराघरांत जी भीती पोहोचवली, तिच्या मुळाशीही जमीन, वारसा आणि कुटुंबाने दडवलेली गुपिते होती. या दोन प्रवाहांच्या मधली जागा, म्हणजे कुमारवयीन नायक, ओळखीचे गाव आणि संपूर्णपणे मानवी असलेले दुष्टत्व, मराठीत पुरेशी भरलेली नाही. तालुक्याची जागा, एक महाविद्यालय, एक बसस्थानक, सर्वांना सर्वांविषयी ठाऊक असलेली माहिती आणि कोणीच न उच्चारलेले एक नाव. सामग्रीची वाण आपल्याकडे नाही.

पालकांनी काय जाणून घ्यावे

मुखपृष्ठावर शाळकरी मुलगी दिसते म्हणून हे पुस्तक दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊ नये. कथेत आत्महत्येचा संदर्भ आहे, शाळकरी मुलांच्या पार्ट्या आणि अमली पदार्थांची विक्री आहे, पेयात औषध मिसळून केलेल्या लैंगिक अत्याचाराचा विषयही येतो. वर्णने विकृत किंवा चवीने केलेली नाहीत, मात्र विषय गंभीर आहेत. साधारण १४ वर्षांपुढील वाचकाला ते पेलतील. त्यातही घरात एखाद्या मोठ्या माणसाने सोबत वाचले तर संमती, समाजमाध्यमांतील धमक्या, मित्रांचे दडपण या विषयांवर बोलण्याची सोय आपोआप होते. जे प्रश्न थेट विचारले तर मुले टाळतात, तेच पिपच्या निमित्ताने मोकळेपणी चर्चिले जाऊ शकतात.

पिप ही आदर्श नायिका आहे का, हाही चर्चेचा विषय करावा. ती खोटे बोलते, दुसऱ्याचे रूप घेऊन संदेश पाठवते, परवानगीशिवाय घरांत शिरते. सत्यासाठी नियम मोडणे कुठवर क्षम्य, याचे उत्तर कादंबरी सोपे करून देत नाही. पुढच्या भागांत हाच प्रश्न अधिक टोकदार होतो आणि तिसऱ्या भागाअखेर वाचकाला नायिकेच्या बाजूने उभे राहावे की नाही, हे स्वतः ठरवावे लागते. त्यामुळे तिसरा भाग आणखी थोड्या मोठ्या वयासाठी राखून ठेवणे इष्ट.

वाचताना

असे पुस्तक एका बैठकीत संपवण्याचा मोह होतो. परंतु थोडे सावकाश वाचले तर आनंद दुणावतो. शेजारी कागद ठेवावा. त्या एप्रिलच्या रात्री कोण किती वाजता कुठे होते, याची स्वतंत्र नोंद करावी. प्रत्येक माहितीपुढे ती कोणी सांगितली, त्याने ती स्वतः पाहिली की ऐकली, हे लिहावे. गावातील बहुतेक ‘सत्ये’ ऐकीव निघतात, हा या तपासातील सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. पुस्तक संपल्यावर पहिली पन्नास पाने पुन्हा चाळावीत; उत्तराकडे नेणाऱ्या खुणा तिथे उघड्यावर पडलेल्या आढळतात.

इंग्रजी सोपी असल्याने मराठी माध्यमातील आठवी-नववीनंतरचा विद्यार्थीही ती वाचू शकेल. आवृत्तींमधील एक फरक लक्षात ठेवावा. अमेरिकी आवृत्तीत गावाचे नाव फेअरव्ह्यू असून ते कनेटिकट राज्यात दाखवले आहे. त्यामुळे दोन मित्रांनी वेगवेगळ्या आवृत्ती वाचल्या तर गोंधळ उडू शकतो. कथा मात्र तीच.

मालिकेचा क्रम असा : ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ (२०१९), ‘गुड गर्ल, बॅड ब्लड’ (२०२०), ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज डेड’ (२०२१). ‘किल जॉय’ ही पूर्वकथा सांगणारी छोटी कादंबरी २०२१ मध्ये जागतिक पुस्तक दिनाच्या निमित्ताने निघाली. पहिल्या कादंबरीला २०२० च्या ब्रिटिश बुक अवॉर्ड्समध्ये बालसाहित्याचा पुरस्कार मिळाला. तिच्यावर आधारित सहा भागांची मालिका जुलै २०२४ मध्ये बीबीसीवर आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नेटफ्लिक्समार्फत इतर देशांत दाखवण्यात आली. एमा मायर्स हिने पिपची, तर झेन इक्बाल याने रवीची भूमिका केली. लिटल किल्टनचे चित्रीकरण सॉमरसेटमधील अ‍ॅक्सब्रिज या गावात झाले. मालिका आधी पाहिल्यास उत्तर कळून जाते, म्हणून पुस्तक आधी वाचावे हे उत्तम.

छोट्या गावातील रहस्यकथा संपते तेव्हा गुन्हेगार सापडलेला असतो. पण सलला परत आणता येत नाही, आणि पाच वर्षे ज्यांनी नजर फिरवली, त्यांना कोणीही शिक्षा देत नाही. कुमारवयीन वाचकाने पुस्तक मिटताना मनात ठेवावे असे हेच आहे. दाराबाहेरची कुजबुज कोणाच्या तरी घरात ऐकू जात असते.